कॅसेट शाबूत, चित्र मात्र बिघडलेले. दोष नेमका कुठे?

मध्यमवर्गीय मराठी घरातील कपाटाच्या वरच्या खणात एखादी काळी व्हिडिओ कॅसेट हमखास सापडते. पाठीवरच्या कागदी पट्टीवर शाईने लिहिलेली नावे आणि तारीख. कधी विवाह, कधी मुंज, कधी आजोबांची एकसष्टी. १९८२ मधील दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली, तिच्या मागोमाग घरोघर व्हीसीआर आले आणि काही वर्षांतच लग्नमंडपात छायाचित्रकाराच्या शेजारी खांद्यावर भलामोठा कॅमेरा घेतलेला व्हिडिओवाला उभा राहू लागला. त्या चित्रणातील निम्मी माणसे आज हयात नाहीत. छायाचित्रात ती स्तब्ध उभी असतात. कॅसेटमध्ये ती पंगतीत आग्रह करतात, हसतात, कॅमेऱ्याकडे पाहून पदर सावरतात. म्हणूनच जुन्या कॅसेटचे डिजिटल रूपांतर करून घेण्याकडे अनेक कुटुंबे वळली आहेत.

रूपांतर हाती आले की मात्र बहुतेकांची निराशा होते. चित्र थरथरते, वरचा भाग एका बाजूला वाकतो, शालूचा लाल रंग शेजारच्या भिंतीवर सांडतो, माणूस हलला की त्याच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात. ‘कॅसेट जुनी झाली, आता असेच यायचे,’ असे सांगितले जाते आणि घरचेही ते मुकाट्याने मान्य करतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. या दोषांपैकी बरेचसे कॅसेटमध्ये नसतातच. ते व्हीसीआरमध्ये, जोडणीच्या वायरमध्ये किंवा संगणकात चित्र उतरवून घेताना निर्माण होतात आणि नीट शोधले तर दूर करता येतात. याउलट, जी कॅसेट खरोखर आजारी आहे ती ‘लावून तर पाहू’ म्हणून यंत्रात घालणे हाच तिचा शेवट ठरू शकतो. दोष कोणत्या टप्प्यावरचा आहे हे आधी ओळखणे, म्हणूनच, फार महत्त्वाचे.

याला घाईचे कारणही आहे. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेल्या व्हीएचएस पद्धतीची यंत्रे बनविणारी अखेरची कंपनी, जपानमधीलच फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की, चुंबकीय फितींवरील जे काही २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही, ते बहुतांशी हातचे जाईल. ते साल उलटले म्हणून सगळ्या फिती एका रात्रीत पुसल्या गेल्या, असे नव्हे. पण चालू स्थितीतील यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात दरवर्षी कमी होत आहेत.

फितीवर चित्र असते कसे?

दोष समजून घ्यायचा तर थोडे यंत्राच्या पोटात डोकावणे भाग आहे. कॅसेटमधील फीत अर्धा इंच रुंद असते. पॉलिस्टरच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचे कण एका चिकट द्रव्याच्या साह्याने बसविलेले असतात. व्हीसीआरमध्ये ही फीत एका तिरप्या, चकाकत्या नळकांड्याभोवती गुंडाळली जाते. आपल्याकडील पाल पद्धतीत ते नळकांडे मिनिटाला १५०० फेरे घेते. त्यावरील दोन हेड फितीवर तिरक्या रेषा वाचत जातात आणि प्रत्येक रेषेत अर्धे चित्र असते. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रे मिळून २५ पूर्ण चित्रे होतात. फितीच्या खालच्या कडेला एक स्वतंत्र पट्टा असतो. तिरप्या रेषा कुठे सुरू होतात हे यंत्राला सांगण्याचे काम त्याचे. जुन्या व्हीसीआरवरील ‘ट्रॅकिंग’चे बटण फिरवून आपण याच ताळमेळात फेरफार करीत असू.

या पद्धतीची कुवत मुळातच बेताची होती, हेही मान्य केले पाहिजे. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने जेमतेम २४० रेघांइतका बारकावा टिकतो आणि रंगांच्या बाबतीत तर ४० रेघांच्या आसपासच. लाल शालूचा रंग कडेबाहेर थोडाफार पसरणार, हे तिथेच ठरून गेलेले आहे. त्यातच लग्नाची कॅसेट म्हणून जी घरी येई, ती बहुधा मूळ नसे. व्हिडिओवाला मूळ चित्रणावरून दुसऱ्या कॅसेटवर संकलन करी, त्यात फुलांच्या चौकटी आणि चित्रपटगीते घाली आणि त्या प्रतीची पुन्हा एक प्रत काढून मुलीकडच्यांना देई. दर प्रतीगणिक बारकावा घटतो आणि रंग किंचित खाली सरकतो. नववधूच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरलेला दिसतो तो यामुळे. नात्यात कुणाकडे आधीची प्रत असेल, तर आपली कॅसेट सुधारत बसण्यापेक्षा ती मिळविणे अधिक शहाणपणाचे.

निदान करताना तीन गोष्टी पडताळाव्यात. तोच दोष त्याच कॅसेटमध्ये पुन्हा लावल्यावर नेमका त्याच क्षणी येतो का? दुसऱ्या व्हीसीआरवरही तिथेच येतो का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर दोष फितीचा. सगळ्याच कॅसेट सारख्याच खराब दिसत असतील, तर दोष यंत्राचा. आणि व्हीसीआर थेट जुन्या धाटणीच्या दूरचित्रवाणी संचाला जोडल्यावर चित्र ठीक दिसते, पण संगणकात उतरल्यावर बिघडते, असे असेल तर कॅसेट आणि व्हीसीआर यांना दूषणे देण्यात अर्थ नाही. गडबड पुढच्या टप्प्यात आहे. एवढी साधी तपासणी केली तरी निम्मा गोंधळ मिटतो. अनेक दुकानांत मात्र ती होत नाही.

आधी फीत, मग यंत्र

कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिच्या खिडकीतून गुंडाळलेली फीत उजेडात पाहावी. तिची कड गुळगुळीत, एकसंध काळी-तपकिरी दिसली पाहिजे. त्यावर पांढुरके ठिपके किंवा पिठासारखा थर दिसला, तर ती बुरशी होय. मुंबई आणि कोकणातील पावसाळी हवेत बंद कपाटात राहिलेल्या कॅसेटला ती सहज धरते. अशी कॅसेट कोणत्याही परिस्थितीत यंत्रात घालू नये. बुरशी हेडवर बसते, फीत अडकून फाटते आणि त्याच यंत्रात नंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही संसर्ग होतो. ती स्वतंत्र पिशवीत ठेवून, फीत बाहेर काढून स्वच्छ करण्याची सोय असलेल्या तंत्रज्ञाकडे द्यावी. घरी पुसण्याचा उद्योग करू नये. ते कण श्वासावाटे आत जाणेही बरे नव्हे.

कॅसेटच्या पाठीच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती अजून शाबूत असेल, तर सर्वप्रथम तोडावी. पट्टी तुटली की त्या कॅसेटवर नव्याने काही मुद्रित होऊ शकत नाही. अनोळखी यंत्रावर चुकून भलतेच बटण दाबले गेले, तर हीच तेवढी राखण. थंडगार वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेल्या कॅसेटवर आणि यंत्रातील नळकांड्यावर दव साचते. ओल्या नळकांड्याला फीत चिकटते. काही व्हीसीआरवर त्यासाठी ‘ड्यू’चा दिवा असे, तो पेटला की यंत्र चालत नसे. काही तास थांबणे एवढाच त्यावर उपाय. फीत निरोगी दिसत असेल, तर ती एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पूर्ण मागे गुंडाळावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच स्थितीत राहिल्याने आलेला असमान ताण कमी होतो.

आता यंत्र. संपूर्ण चित्रावर पांढरी खरखर, ‘पाऊस’ पडल्यासारखे दृश्य, हे बहुधा हेड मळल्याचे लक्षण असते. कोरडी क्लिनर कॅसेट पुन्हापुन्हा लावणे टाळावे. ती हेड घासून झिजवते. झाकण उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेले, धागे न सुटणारे मऊ कापड नळकांड्याला टेकवायचे आणि कापड स्थिर ठेवून नळकांडे हाताने हळूच फिरवायचे, ही खरी पद्धत. कापड वर-खाली घासले, तर हेडचे नाजूक टोक मोडते. कानातला मळ काढण्याच्या कापूसकाड्या तर मुळीच वापरू नयेत. अर्थात, आधी यंत्राची वायर भिंतीतून काढलेली असावी, आणि आत्मविश्वास नसेल त्याने हे काम जाणकारावर सोपवावे. सफाईनंतर पहिली कॅसेट लग्नाची लावू नये. व्हिडिओ लायब्ररीच्या जमान्यातील एखाद्या पडेल चित्रपटाची कॅसेट घरात असेल, तर तिचा उपयोग करण्याची वेळ हीच.

चित्रात वर-खाली सरकणारा खरखरीचा पट्टा दिसत असेल, तर ट्रॅकिंग हाताने जुळवावे. नंतरच्या काळातील व्हीसीआर हे आपोआप करतात, पण दुसऱ्याच यंत्रावर मुद्रित झालेल्या फितीपुढे ते अनेकदा फसतात. तासाभराच्या कॅसेटमध्ये दोन-तीन वेळा जुळवावे लागले, तरी नवल नाही. अधूनमधून क्षणभर चमकून जाणाऱ्या पांढऱ्या रेघा म्हणजे फितीवरचे कण गळाल्याच्या खुणा. त्या ट्रॅकिंगने जात नाहीत. आणि चित्राच्या अगदी तळाशी दोन-चार ओळींची जी फडफड दिसते, तो बिघाड नव्हेच. एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे काम सोपविले जाते, ती जागा तिथे असते. जुन्या संचाच्या चौकटीआड ती झाकली जाई, संगणक मात्र सगळे दाखवतो. नंतर त्या जागी काळी पट्टी घालावी.

टीव्हीला चालते, संगणकाला चालत नाही

सर्वाधिक घोळ होतो तो याच टप्प्यावर. चित्राची प्रत्येक ओळ ठरावीक वेळी सुरू व्हावी लागते. पाल पद्धतीत एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद मिळतात. फीत ताणली गेलेली किंवा सैल असेल, तर काही ओळी किंचित आधी, काही किंचित उशिरा सुरू होतात. परिणामी मांडवाचा सरळ खांब नागमोडी दिसतो, चित्राचा माथा झेंड्यासारखा एका बाजूला फडकतो. काचेच्या नळीचे जुने दूरचित्रवाणी संच ही चूक पोटात घालत. संगणकाला जोडायचे कॅप्चर यंत्र तेवढे सहनशील नसते. त्याला वेळेवर न आलेले चित्र समजत नाही. ते चित्र गाळते किंवा आधीचेच पुन्हा टाकते. मग भटजींचे ओठ एकीकडे आणि मंगलाष्टका दुसरीकडे, अशी अवस्था होते. काही कॅप्चर यंत्रे तर अशा अस्थिर चित्राला विकतच्या कॅसेटवरील नक्कल-प्रतिबंधक संकेत समजून चित्रण घ्यायचेच थांबवितात. घरच्या बारशाची कॅसेट ‘संरक्षित’ असल्याची सूचना येते ती यामुळे.

यावर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर. हे उपकरण येणाऱ्या ओळी क्षणभर साठवून ठरलेल्या वेळी पुढे सोडते. काही उंची एस-व्हीएचएस यंत्रांत ते अंगचेच असते. स्वतंत्र उपकरण दुर्मीळ आणि महाग आहे. मात्र एक सोपी वाट आहे. काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून चित्र नुसते पलीकडे जाऊ दिले, डीव्हीडीवर मुद्रित न करता, तरी ते बऱ्यापैकी स्थिर होते. भंगारात निघालेला असा रेकॉर्डर फेकण्यापूर्वी दहा मिनिटांची चाचणी घेण्यास हरकत नाही. दुकानात काम देणाऱ्यांनी ‘तुमच्याकडे चित्र स्थिर करणारे उपकरण आहे का’ असे जरूर विचारावे. उत्तर काय येते यावरून दुकानाची पारख होते.

वायरचा प्रश्न त्यामानाने किरकोळ. पिवळ्या पिनेच्या वायरमधून प्रकाश आणि रंग एकत्र येतात आणि यंत्राला ते पुन्हा वेगळे करावे लागतात; त्यात कडांवर ठिपके रांगताना दिसतात. व्हीसीआरला एस-व्हिडिओची सोय असेल, तर तीच वापरावी.

उजेडाची बाब मात्र दुर्लक्षिली जाते. त्या काळी लग्नात व्हिडिओवाल्याचा मदतनीस हॅलोजनचा प्रखर दिवा घेऊन नवरा-नवरीच्या तोंडासमोर उभा असे. त्या झोतात चेहरे पांढरेफटक दिसतात, आणि कॅसेटच तशी, असे आपण समजतो. पुष्कळदा चेहऱ्यावरचा तपशील फितीवर असतो, पण कॅप्चर करताना उजेडाची मर्यादा ओलांडल्याने तो कापला जातो. एकदा कापला गेलेला तपशील नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. म्हणून कॅप्चरच्या आधीच ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट थोडे उतरवून सर्वांत झगझगीत प्रसंग तपासावा. आईच्या नाकातील नथ दिसू लागली, तर मार्ग बरोबर आहे.

कंगव्याचे दात हा दोष नसून अर्ध्या चित्रांचा परिणाम आहे. दोन अर्धी चित्रे पन्नासाव्या हिश्शाच्या अंतराने टिपलेली असतात. संगणक ती एकाच चौकटीत दाखवितो, तेव्हा हललेला हात दोन ठिकाणी दिसतो. पुष्कळ ठिकाणी यावर सोपा तोडगा म्हणून अर्ध्या ओळी टाकूनच दिल्या जातात. दात जातात, पण निम्मा बारकावाही जातो. योग्य पद्धतीत ५० अर्ध्या चित्रांपासून सेकंदाला ५० पूर्ण चित्रे तयार केली जातात आणि हालचाल मूळच्यासारखी सुळसुळीत राहते. सम-विषम ओळींचा क्रम उलटा लागला, तर मात्र माणसे पुढे-मागे झटके देत चालतात. क्रम बदलला की ती सरळ चालू लागतात.

परदेशी नातलगांकडून आलेल्या कॅसेटचा वेगळा उल्लेख हवा. अमेरिकेतील बारशाच्या, वाढदिवसाच्या कॅसेट एनटीएससी पद्धतीच्या असतात. ६२५ ऐवजी ५२५ ओळी आणि सेकंदाला २५ ऐवजी जवळपास ३० चित्रे. आपल्याकडील अनेक व्हीसीआर त्या लावतात खरे, पण बाहेर जो संमिश्र सिग्नल देतात तो टीव्हीला चालतो आणि कॅप्चर यंत्राला कळत नाही. चित्र कृष्णधवल येते किंवा सतत वर सरकत राहते. अशा कॅसेटसाठी खराखुरा एनटीएससी सिग्नल देणारे यंत्रच लागते. छोट्या मिनी डीव्ही कॅसेटची गोष्ट आणखी निराळी. त्यावरील चित्रण मुळात डिजिटलच असते. ते फायरवायरच्या मार्गाने जसेच्या तसे संगणकात घ्यावे. पिवळ्या पिनेतून उतरवून घेणे म्हणजे विनाकारण नुकसान.

याहूनही महत्त्वाचा मुद्दा आहे तो ‘आमचे रूपांतर केव्हाच झाले आहे’ असे म्हणणाऱ्यांसाठी. २००० च्या सुमारास हजारो कुटुंबांनी लग्नाच्या कॅसेटची व्हीसीडी करून घेतली. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे असते. पूर्ण रूपांतराच्या ७२० बाय ५७६ च्या तुलनेत सुमारे चौथा हिस्सा. सेकंदाच्या ५० अर्ध्या चित्रांपैकी निम्मी त्यात मुळीच नसतात, आणि उरलेल्यांवरही दाबून बसविल्याचे चौकोनी ठिगळ दिसते. त्या चकत्यांपैकी कित्येक आता वाचल्याही जात नाहीत. मूळ कॅसेट अजून घरात असेल, तर तीवरून नव्याने रूपांतर करणे सर्वस्वी योग्य. ‘सीडी झाली’ म्हणून कॅसेट रद्दीवाल्याला दिलेल्यांपुढे हा पर्याय उरलेला नाही.

सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने जुने चित्रण ‘एचडी’ करून देण्याच्या जाहिराती दिसतात. खरखर कमी करण्यापुरते हे तंत्र उपयोगी आहे. पण फितीवर जो बारकावा नाही तो ते अंदाजाने रचते. लांबून टिपलेल्या, पंधरा-वीस बिंदूंत मावणाऱ्या आजीच्या चेहऱ्याला ते रेखीव डोळे आणि नितळ त्वचा देते. फक्त ती आजी नसते. हौस म्हणून अशी एक प्रत जरूर काढावी, मात्र जतन करायची प्रत ती नव्हे.

दुकानात कॅसेट देताना ‘पेन ड्राइव्हवर टाकून द्या’ एवढेच सांगण्याऐवजी ७२० बाय ५७६ ची, अर्ध्या चित्रांची मूळ रचना न मोडलेली फाइल मागावी आणि आधी पाच मिनिटांचा नमुना पाहावा. डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, आणि काहीही न गमावता साठविलेल्या फाइलला ३० ते ४० जीबी. आजच्या हार्ड डिस्कला हे जड नाही. नातेवाइकांना भ्रमणध्वनीवर पाठविण्यासाठी तिच्यावरून छोटी प्रत काढता येते. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवावी. कॅसेट पूर्ण मागे गुंडाळून, खोक्यात घालून, पुस्तकासारखी उभी, कोरड्या जागी परत ठेवावी. आज न दिसलेला भाग उद्या अधिक चांगल्या यंत्रावर वाचता येण्याची शक्यता असते आणि त्या वेळी तीच मागितली जाते.